विवाहमंडपातील राष्ट्रस्मरण

इस्रायल हे नाव उच्चारले की नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला ठिबक सिंचन आठवते. तरुण कार्यकर्त्याला १९७६ सालची एन्टेबीची धाडसी कारवाई आठवते. भगूरच्या सुपुत्राचे, स्वातंत्र्यवीर सावरकरांचे साहित्य वाचलेल्यांना हेही स्मरते की, संयुक्त राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९४७ मध्ये ज्यूंच्या स्वतंत्र राज्याला अनुकूल कौल दिला आणि भारताच्या प्रतिनिधीने त्याविरुद्ध मत नोंदविले, तेव्हा सावरकरांनी जाहीर पत्रक काढून त्या राज्याचे मनःपूर्वक स्वागत केले होते. इस्रायलचे शौर्य, त्याचे विज्ञान आणि त्याची चिकाटी यांविषयी आपल्या घराघरांत कौतुक आहे आणि ते रास्तच आहे.

परंतु या कौतुकात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तेव्हापासून १४ मे १९४८पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकोणीस शतके, ज्यू समाजाला स्वतःचे राज्य नव्हते, सैन्य नव्हते आणि बहुसंख्य ज्यूंना मातृभूमीचे दर्शनही नव्हते. मग इतका काळ हा समाज एक राष्ट्र म्हणून जिवंत राहिला तो कशाच्या बळावर? याची उत्तरे अनेक आहेत. धर्मग्रंथांचे अध्ययन आहे, शब्बाथचे कठोर पालन आहे. पण सर्वसामान्य, फारसे न शिकलेल्या कुटुंबापर्यंत पोहोचणारे उत्तर पाहायचे असेल, तर ज्यू लग्नाच्या मांडवात डोकावले पाहिजे. त्यासाठी आपल्याला जेरुसलेमला जाण्याचीही आवश्यकता नाही. तो मांडव आपल्या कोकणात शतकानुशतके उभा आहे.

कोकणातले शनिवार तेली

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत श्रद्धा आहे. बुडालेल्यांच्या दफनाची जागा तेथे आजही दाखविली जाते. ही घटना नेमकी कोणत्या शतकातली, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हा समाज रायगड जिल्ह्याच्या गावागावांत पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला, घरात मराठी बोलू लागला आणि पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर अशी गावांची नावे आडनावे म्हणून लावू लागला, हे निर्विवाद आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्या नावात उपहास नव्हता. ते केवळ वर्णन होते. शनिवारी काम का करत नाही, असा जाब त्यांना कोणी विचारला नाही आणि शनिवार पाळता म्हणून गाव सोडा, असेही कोणी बजावले नाही.

मधल्या काळात या समाजाचा जगातील इतर ज्यूंशी संबंध तुटला. हिब्रू भाषा विस्मरणात गेली, ग्रंथ हरवले. उरली ती एकेश्वराचा उद्घोष करणारी ‘शेमा’ ही प्रार्थना, आठव्या दिवशी होणारी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शनिवारचा विसावा. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने या खुणांवरून त्यांना ओळखले आणि त्यांच्यातील काहींना धर्मविधींचे शिक्षण दिले, असे ही परंपरा सांगते. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. हायम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला; तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. आज या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलमध्ये स्थायिक आहेत, तर भारतात मोजकी काही हजार माणसे उरली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा अनेक तरुणांना असा समाज आपल्यात आहे हे प्रथमच कळले.

विधी आणि त्यांचा आशय

ज्यू विवाहात वधूवर चार खांबांवर तोललेल्या छताखाली उभे राहतात. त्याला ‘हुप्पा’ म्हणतात. हा मांडव चारही बाजूंनी उघडा असतो. त्याचे स्पष्टीकरण असे दिले जाते की, मूळपुरुष अब्राहाम याचा तंबू येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी सर्व दिशांनी खुला असे. नव्या दांपत्याचे घरही तसेच अतिथीसाठी उघडे असावे. छत आहे, पण भिंती नाहीत. संसाराला आसरा हवा, पण तो समाजापासून तोडणारा नको, एवढा मोठा विचार चार काठ्या आणि एक वस्त्र सांगून जातात.

अंगठीचा नियमही लक्षणीय आहे. ती साधी, खडे न जडविलेली आणि वराच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. खड्याची खरीखोटी किंमत लावताना वधूची फसवणूक होऊ नये, हा त्यामागचा हेतू. दोन साक्षीदारांसमक्ष ती अंगठी देताना मोशे आणि इस्राएल यांच्या धर्मनियमाला अनुसरून तू मला समर्पित झालीस, अशा आशयाचे वचन वर उच्चारतो. वैयक्तिक नाते जोडतानाही समाजाच्या धर्मनियमाचा उल्लेख असतो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्यानंतर ‘केतुबा’ म्हणजे विवाहपत्र वाचले जाते. ते परंपरेने अरामी भाषेत असते. पत्नीला अन्न, वस्त्र आणि सहजीवन देणे हे पतीचे कर्तव्य त्यात येते. घटस्फोट झाला किंवा पती निवर्तला, तर पत्नीला किती रक्कम द्यावयाची, तेही नमूद असते. जुन्या मापानुसार प्रथम विवाह करणाऱ्या वधूसाठी ती दोनशे झूझ ठरलेली होती. हे पत्र वधूच्या मालकीचे असते. ते हरवले तर नवे करून घेतल्याशिवाय पतीपत्नींनी एकत्र राहू नये, इतका त्याचा दंडक कडक आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या समाजाने स्त्रीच्या निर्वाहाची हमी विवाहाच्या क्षणीच, सर्वांसमक्ष, लेखी घ्यावी ही सामान्य गोष्ट नाही. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. तरीही वधूपित्याने काय द्यायचे याची बोलणी बंद दाराआड होतात आणि त्याचा कागद कोणी करत नाही. त्यांच्या मांडवात वराने काय द्यायचे ते मोठ्याने वाचले जाते. या दोन चित्रांतील अंतर प्रत्येक सुजाण कुटुंबाने मनाशी मोजावे.

मग द्राक्षरसाच्या पेल्यावर सात आशीर्वचने म्हटली जातात. बेने इस्राएल घरांतून पवित्र पेल्यासाठी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत वापरण्याची चाल आहे. या सात आशीर्वचनांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आरंभ फळापासून होतो, मग सृष्टीची निर्मिती, मनुष्याची निर्मिती, स्त्रीपुरुषांचे साहचर्य असा प्रवास होतो आणि मध्येच सियोनचा उल्लेख येतो. आपली लेकरे परत आलेली पाहून त्या उजाड झालेल्या मातेने आनंदित व्हावे, अशी प्रार्थना होते. अखेरच्या आशीर्वचनात जेरुसलेमच्या रस्त्यांवर पुन्हा वधूवरांचा हर्षघोष ऐकू यावा, अशी याचना असते. लग्न क्राकोव्हमध्ये असो, बगदादमध्ये असो वा रेवदंड्याला, प्रार्थना जेरुसलेमच्या रस्त्यांसाठीच!

आणि शेवटी वर पायाखाली काचेचा पेला फोडतो. चित्रपटांतून हे दृश्य पाहणाऱ्यांना तो जल्लोषाचा भाग वाटतो. प्रत्यक्षात तो शोकाचा क्षण आहे. आयुष्यातील सर्वोच्च आनंदाच्या घटकेलाही उद्ध्वस्त झालेले मंदिर विसरायचे नाही, हा त्याचा सर्वमान्य झालेला अर्थ. या चालीचे मूळ सांगताना तालमुदातील एक प्रसंग दिला जातो. मार बर रावीना या विद्वानाने आपल्या मुलाच्या लग्नात पाहुणे अतिरेकी मौजेत वाहवत चालल्याचे पाहिले. तेव्हा त्याने चारशे झूझ किमतीचा मौल्यवान पेला आणून सर्वांच्या देखत फोडला. सभा क्षणात भानावर आली. आनंदाला मर्यादा आणि मर्यादेला स्मृतीचा आधार, असा हा संस्कार आहे. ज्या समाजाने प्रत्येक पिढीच्या प्रत्येक लग्नात आपल्या भग्न मंदिराची आठवण काढली, त्याला ते स्थान विसरायला लावणे कोणत्या सम्राटाला शक्य होते?

शेजारधर्माची देवाणघेवाण

कोकणातील ज्यू लग्नात या मूळ विधींच्या भोवती मराठी मातीचे संस्कार सहज गुंफले गेले. लग्नाआधी हळद आणि मेंदी आली. हिरवा चुडा आला. सौभाग्यलेणे म्हणून मंगळसूत्र आले. शुभकार्याच्या प्रसंगी एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने ‘मलिदा’ करण्याची चाल रूढ झाली. पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा आणि फळे यांचे ते ताट पाहिले, तर कोणाही कोकणी गृहिणीला आपल्याच घरचा नैवेद्य वाटावा. अलिबागजवळच्या खंडाळे गावी या प्रेषिताच्या रथाच्या खुणा मानल्या जाणारा खडक असून समाजाचे लोक तेथे नवस फेडण्यास येतात. १८८०च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएलांनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर बायबलमधील कथांची मराठी कीर्तनेही सुरू केली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. शेजाऱ्याकडून चांगले तसेच वाईटही घेतले जाते. ज्यू धर्मशास्त्राची विधवाविवाहाला आडकाठी नसताना, भोवतालच्या समाजाकडे पाहून बेने इस्राएलांतही दीर्घकाळ विधवांचे पुनर्विवाह टाळले गेले. आपला दोष शेजारच्या घरात कसा झिरपतो, याचे हे उदाहरण आहे. आपल्या समाजसुधारकांनी हा कलंक पुसण्यासाठी जे झगडे केले, त्यांचे मोल त्यामुळे अधिकच कळते.

इस्रायलमध्ये गेल्यावर या समाजाला वेगळाच अनुभव आला. इतक्या शतकांच्या विलगतेमुळे यांच्या विवाह-घटस्फोटांचे विधी शास्त्रशुद्ध राहिले असतील का, अशी शंका तेथील धर्ममंडळाने उपस्थित केली. १९६२ मध्ये निर्देश निघाले की, बेने इस्राएल वधू किंवा वराचा इतरांशी विवाह लावताना पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी ग्रंथ हरवले तरी श्रद्धा हरवली नाही, त्यांनाच आता आपले ज्यूपण सिद्ध करण्यास सांगितले गेले! समाज स्वस्थ बसला नाही. १९६४ मध्ये त्याने जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर इस्रायलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि धर्ममंडळालाही माघार घ्यावी लागली. कोकणातल्या तेल्या-कुणब्यांनी जो प्रश्न कित्येक शतकांत विचारला नाही, तो स्वधर्मीयांनी विचारावा, हा इतिहासाचा विचित्र योग होय. यात इस्रायलला कमी लेखण्याचा हेतू नाही. त्या राष्ट्राने आपली चूक दुरुस्तही केली. मात्र परक्याची उपासना न मोडता त्याला आपले म्हणण्याची रीत हिंदू समाजाच्या रक्तात किती स्वाभाविकपणे भिनलेली आहे, हे या तुलनेतून दिसते. म्हणूनच आजही इस्रायलमधील या घरांतून लग्नाआधी मेंदी होते, मलिदा होतो आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक तेथून निघाले याचे आपल्याला नवल वाटू नये.

आपला संकल्प ऐकतो कोण?

आता दृष्टी आपल्या मांडवाकडे वळवू. ज्यूंच्या सात आशीर्वचनांशेजारी आपली सप्तपदी ठेवली की ‘सात’ या अंकावरून दोन्हींचे मूळ एकच, असे ठोकून देण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. अशा ओढूनताणून केलेल्या दाव्यांनी परंपरेचा गौरव वाढत नाही. साम्य आहे ते वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते नाशिककरांना सर्वांत लवकर कळावे.

आपल्या प्रत्येक धार्मिक कार्याचा आरंभ संकल्पाने होतो. त्यात काळाचा उच्चार होतो, तसा स्थळाचाही होतो. जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य अशी नावे घेत पुरोहित आपल्याला गोदावरीच्या तीरापर्यंत आणून उभे करतात. इतर गावच्या यजमानाला ती नदी दूरची असते. नाशिकमध्ये मात्र जुन्या गावात लग्न असेल तर गोदावरीचे दक्षिण तीर आणि पंचवटीत असेल तर उत्तर तीर, असा उच्चार अक्षरशः खरा होतो. खिडकीतून पाहावे आणि खात्री करून घ्यावी. हा भूगोल नाही, ही राष्ट्रस्मृती आहे. ज्यूंनी आपल्या लग्नात हरवलेल्या भूमीचे नाव घेतले, आपण आपल्या लग्नात पायाखालच्या भूमीचे नाव घेतो. लग्नानंतरच्या गोंधळातही तेच आहे. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडेराय, पंढरीचा विठोबा, सप्तशृंगगडची जगदंबा अशी एकेका स्थळाच्या देवतेला हाक घातली जाते. एका घरच्या कार्याला सारा महाराष्ट्र बोलावला जातो. ज्या अज्ञात पूर्वजांनी हे रचले, त्यांना राष्ट्र म्हणजे काय हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज वाटली नाही.

दुःख इतकेच की, हे ऐकायला मांडवात कोणी नसते. शहराभोवतीच्या लॉन्समध्ये आजचे लग्न कसे पार पडते ते सर्वांना ठाऊक आहे. वरातीतील नाच आवरत नाही म्हणून मुहूर्त टळतो. ज्या मुहूर्तासाठी पंचांग पाहिले, तोच नाचात निघून जातो. मंगलाष्टके संपतात न संपतात तोच पाहुणे भोजनाच्या रांगेकडे वळतात. सप्तपदीच्या वेळी समोर छायाचित्रकार, चित्रफीतवाले आणि मोजकी घरची माणसे असतात. पाऊल नीट टिपले गेले नाही म्हणून वधूला ते पुन्हा टाकण्यास सांगितले जाते. लग्नाआधीच्या चित्रीकरणासाठी दोन दिवस मिळतात, विधी समजून घेण्यासाठी दोन तास मिळत नाहीत. ‘गुरुजी, जरा आटोपते घ्या’ हे वाक्य तर मंगलाष्टकांइतकेच रूढ झाले आहे. कर्ज काढून केलेला हा थाट पाहून शेजारचा मध्यमवर्गीय पिता आपल्या मुलीच्या लग्नाच्या चिंतेने खंगतो, हा त्याचा सामाजिक परिणाम वेगळाच.

हा केवळ वडीलधाऱ्यांच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या सातव्या कलमानुसार जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे सांगितले की, हिंदू विवाह हा गाण्यानाचण्याचा आणि खाण्यापिण्याचा समारंभ नसून तो संस्कार आहे. आवश्यक विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने तो विवाह ठरत नाही. जे आपल्या आजीने सांगायचे, ते सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लेखणी उचलावी लागली!

आणि त्या सात पावलांचा आशय तरी किती सुंदर आहे! अन्नासाठी पहिले पाऊल, बळासाठी दुसरे, समृद्धीसाठी तिसरे, सुखासाठी चौथे, संततीसाठी पाचवे, ऋतुचक्रासाठी सहावे आणि सख्यत्वासाठी सातवे. संसाराची चढण अन्नापासून सुरू होऊन मैत्रीच्या शिखरावर संपते. पत्नी ही सखी आहे, हे आपल्या ऋषींनी सातव्या पावलाला सांगितले. लाजाहोमात भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, त्यात सासरी जाणाऱ्या लेकीचे माहेर तुटत नाही हे आश्वासन पाहता येते. अश्मारोहणात दगडासारखे स्थिर राहण्याचा आणि ध्रुवदर्शनात अढळ राहण्याचा संस्कार आहे. धर्म, अर्थ आणि काम यांत हिचे उल्लंघन करणार नाही, असे ‘नातिचरामि’ हे वचन वराने द्यायचे आहे. हे वचन अर्थ जाणून उच्चारणारा तरुण उद्या हुंड्यासाठी पत्नीला छळू शकेल काय? विधी पोकळ होतात ते त्यांच्यात अर्थ नसतो म्हणून नव्हे. तो सांगणारा आणि ऐकणारा दोघेही उठून गेलेले असतात म्हणून.

उपाय अवघड नाहीत. विवाहाच्या आदल्या आठवड्यात पुरोहितांना घरी बोलवावे आणि वधूवरांना सारे विधी मराठीतून समजून घेऊ द्यावे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने अर्थासह संस्कार करण्याची पद्धत वर्षानुवर्षे रुजविली आहे आणि स्त्री पुरोहितही तयार केले आहेत. तो आदर्श समोर आहेच. संकल्प, ‘नातिचरामि’ आणि सप्तपदी या तीन वेळी ध्वनिवर्धकावरचे संगीत बंद ठेवून अर्थ सर्वांना ऐकू जाईल अशी व्यवस्था करावी. यास अर्धा तासही लागत नाही. वरपक्षाने हुंडा घेणार नाही हे केवळ सांगू नये, तर मांडवात सर्वांदेखत जाहीर करावे. आणि मुहूर्ताला मुहूर्त मानावे. संघटनेच्या कार्यकर्त्याच्या घरचे लग्न याबाबत गावाला उदाहरण ठरले पाहिजे. ज्या घरातून समाजाला संस्कार सांगितले जातात, त्या घराच्या मांडवात ते दिसलेच पाहिजेत.

नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या चौदा जणांजवळ ग्रंथ उरले नव्हते, पुरोहित नव्हते, मंदिरही नव्हते. तरी त्यांच्या वंशजांनी आपली ओळख घराच्या चौकटीत आणि लग्नाच्या मांडवात जपली. आपल्याजवळ ग्रंथ आहेत, पुरोहित आहेत, रामाच्या पदस्पर्शाने पावन झालेली पंचवटी आहे आणि संकल्पात जिचे नाव घ्यायचे ती गोदावरी दारातून वाहते आहे. उणीव आहे ती केवळ कान देण्याची. येत्या लग्नसराईत गुरुजी गोदावरीचे नाव उच्चारतील, तेव्हा एवढा वेळ तरी मांडवातील प्रत्येकाने शांत बसून ते ऐकावे.